मांडवाचे क्षेत्रफळ आणि समीकरणाचा विवेचक

गणेशोत्सव जवळ आला की लालबाग-परळच्या गल्ल्यांतून मांडवांची मापे घेतली जाऊ लागतात. समजा, एखाद्या मंडळापाशी ४० मीटर कनात आहे आणि तिने चारही बाजूंनी बंदिस्त असा आयताकृती मांडव घालावयाचा आहे. लांबी व रुंदी यांची बेरीज २० मीटर झाली. एक बाजू क्ष मानल्यास दुसरी २० − क्ष. मंडळास ९६ चौरस मीटर जागा हवी असेल, तर समीकरण होते : क्ष² − २०क्ष + ९६ = ०.

हे सोडविण्यापूर्वीच त्याला उत्तर आहे की नाही, हे सांगता येते. अक्ष² + बक्ष + क = ० या वर्गसमीकरणाला ४अ ने गुणून डावीकडे पूर्ण वर्ग साधला, की (२अक्ष + ब)² = ब² − ४अक असे रूप मिळते. उजवीकडील राशी म्हणजे विवेचक. डावीकडे वर्ग आहे, आणि वास्तव संख्येचा वर्ग कधीही ऋण नसतो. सारे मर्म एवढेच. विद्यार्थी सूत्र पाठ करतात, हे कारण मात्र बहुधा निसटते.

४अ ने गुणण्याची ही युक्ती श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त (इ. स. ११५०) ती त्यांच्या नावाने दिली असून ऋण संख्येस वर्गमूळ नाही, असेही तेथे सांगितले आहे. भास्कराचार्यांच्या कुळाची माहिती देणारा चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेख विद्वानांपुढे आणला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

आता मांडवाकडे वळू. ९६ साठी विवेचक ४०० − ३८४ = १६, म्हणजे धन. मुळे वास्तव व भिन्न : १२ आणि ८. शंभर चौरस मीटर मागितल्यास विवेचक शून्य; दोन्ही मुळे १०, मांडव चौरस. १९ चौरस मीटरसाठी विवेचक ३२४. मुळे १९ व १. गणित बिनचूक, पण एक मीटर रुंदीच्या मांडवात मूर्ती कोठे ठेवावयाची? ते विवेचक सांगत नाही.

१०५ चौरस मीटरसाठी मात्र विवेचक −२०. वास्तव मूळ नाही. आयताच्या बाजू कशाही घेतल्या तरी तेवढी जागा बंदिस्त होणार नाही. एक मीटर कनात अधिक आणल्यास बाजूंची बेरीज २०.५, विवेचक ०.२५, आणि मांडव १०.५ मीटर लांब व १० मीटर रुंद.