गिझरच्या पाटीवरचं गणित
गिझरच्या पाटीवर ‘२००० वॅट, २३० व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं. वॅटला व्होल्टने भागलं की प्रवाह मिळतो, सुमारे ८.७ अँपिअर. व्होल्टला या प्रवाहाने भागा. कॉइलचा रोध निघतो, साधारण २६.५ ओहम. खरी गंमत पुढे आहे. संध्याकाळी दाब २०० व्होल्टवर उतरला, तरी रोध जवळपास तोच राहतो. त्यामुळे प्रवाहही घटून साडेसात अँपिअरवर येतो आणि दोन्हींचा गुणाकार होतो जेमतेम १५०० वॅट! दाब १३ टक्क्यांनी उतरला, शक्ती मात्र २४ टक्क्यांनी. पाणी उशिरा तापलं म्हणजे गिझर बिघडलाच असं नव्हे. मात्र ८.७ अँपिअर प्रवाह ६ अँपिअरच्या सॉकेटला झेपत नाही. सॉकेट आणि वायर तापतात. गिझरला १६ अँपिअरचाच सॉकेट बसवून घ्या.