टपालाच्या थैलीला कुलूप घालायचं कशासाठी?

"विषय काय घेतलाय?" हा प्रश्न पीएचडीला लागलेल्या प्रत्येकाला ऐकावा लागतो. माझं उत्तर, "टपालाच्या थैलीचं तोंड बंद करणं." समोरचा आधी हसतो, मग विचारतो की खरंच का. दिवाळीत शहाद्याला घरी गेले तर मावशी म्हणाली, "अगं, त्याला सुतळी पुरते की!" मावशीचं निम्मं बरोबर होतं, पण हे कळायला मला दीड वर्ष लागलं. ते दीड वर्ष कुठे गेलं ते इथे लिहितेय. तुमच्यापैकी जे आत्ता संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेत, त्यांचे काही महिने तरी वाचावेत.

शहाद्याला रेल्वे नाही. जवळची स्टेशनं म्हणजे नंदुरबार आणि दोंडाईचा, दोन्ही सुरत-भुसावळ मार्गावरची. तिथून पुढे सगळं रस्त्याने. शहाद्याहून म्हसावद आणि मग घाट चढून धडगाव, दुसरीकडे तोरणमाळ. लहानपणी एसटीच्या टपावरून किंवा ड्रायव्हरच्या मागून मळकट कॅनव्हासची थैली खाली येताना मी पाहिली आहे. खाली येताना म्हणजे फेकली जाताना. थैलीचं तोंड सुतळीने आवळलेलं, सुतळीत लेबल, गाठीवर लाल लाखेचा ठसा. आत कुणाची मनीऑर्डर, कुणाचं आधार कार्ड, कुणाचं नोकरीचं बोलावणं. देशात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्ट ऑफिसं आहेत आणि दहातली नऊ ग्रामीण भागात. म्हणजे थैलीच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा बहुतेक वेळा असाच असतो: एक माणूस, एक थैली, सायकल, मोटारसायकल किंवा एसटी.

पहिल्या वर्षी मी काय केलं? जे कुठलाही इंजिनिअर करेल तेच. मजबूत कुलूप बनवलं. स्टीलची पट्टी, तिच्यात थैलीचं तोंड चेपून धरायचं आणि वर छोटं कुलूप. दिसायला एकदम भारी. गाईडनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि दोन दिवसांसाठी थैली स्वतःकडे ठेवून घेतली. परत दिली तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं आणि आतलं पाकीट गायब. सरांनी थैलीची खालची शिवण वीतभर उसवली होती आणि दाभणाने त्याच भोकांतून परत शिवून टाकली होती. मार्केट यार्डात मिरचीची पोती शिवणारा कुठलाही हमाल हे काम पाच मिनिटांत करेल. थैली कापडाची आहे हेच मी विसरले होते.

शिवण आतून दुहेरी करणं, दोऱ्याला वेगळा रंग देणं, हे उपाय निघाले. पण खरा धडा वेगळा होता आणि तो मला एका निवृत्त टपालवाहक नानांनी दिला. त्यांनी तीस वर्षं थैल्या वाहिल्या. मी त्यांना माझं कुलूप दाखवलं तर म्हणाले, "ताई, कुलूप तुटलं त्याचं काही नाही. तुटलं तर दिसतं, पंचनामा होतो. पण गाठ न तुटता सुटली, का मंग माणूस मेला."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि तिथून माझा विषय बदलला.

नानांचं म्हणणं जरा उलगडून बघू. थैलीला दोन प्रकारच्या लोकांपासून धोका असतो. पहिला बाहेरचा चोर. त्याच्याकडे ब्लेड असतं, तो कापड फाडेल. कापडाच्या थैलीवर कितीही भारी कुलूप लावा, त्याला फरक पडत नाही. पण त्याने केलेलं लपतही नाही. दुसरा, साखळीतलाच कुणीतरी. त्याच्याकडे वेळ असतो आणि त्याला थैली उघडून परत होती तशी बंद करायची असते. त्याचं जमलं, तर पुढच्या ऑफिसात थैली उघडल्यावर वस्तू कमी निघते आणि प्रश्न येतो: गेली कुठे? सगळ्यांचं बोट शेवटी कुणाकडे वळतं? ज्याच्याकडे ऑफिस नाही, तिजोरी नाही, साक्षीदार नाही त्याच्याकडे. १८९८ च्या भारतीय पोस्ट ऑफिस कायद्यात टपाल कर्मचाऱ्याने केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. एवढं ओझं सुतळीच्या एका गाठीवर.

तेव्हा कुलूप आणि सील या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे पक्कं डोक्यात बसवा. कुलूप उशीर करतं. सील साक्ष देतं. टपालाच्या थैलीला मुख्यतः साक्ष हवी आहे.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. आजही आपण "निर्णयावर मोर्तब झालं" म्हणतो. मराठेशाहीतल्या पत्रांत मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तबाचा शिक्का असे, म्हणजे त्याखाली कुणी एखादी ओळ वाढवू शकणार नाही. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकमेकांना चिकटवत आणि सांध्यावर मागून शिक्का मारत, अर्धा या बंदावर, अर्धा त्या बंदावर. सांधा उकलून मधला बंद बदलला तर शिक्का जुळणार नाही. शिक्क्याने कागद मजबूत होत नव्हता, फक्त बदल उघडा पडत होता. तोडणंही तितकंच जुनं आहे. दुसऱ्या शतकातल्या लुशियन या ग्रीक भाषेतल्या लेखकाने एका भोंदू बाबावर लिहिताना सीलबंद चिठ्ठ्या कशा उघडल्या जात ते सांगितलंय: तापवलेली सुई मेणाखालून सरकवायची, किंवा ठशाचा साचा काढून तो परत उमटवायचा. लाखेचा ठसा सगळीकडे सारखाच असेल, तर साचा एकदा काढला की काम झालं.

त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा नंबर. आणि इथे मला आवडणारं एक यंत्र येतं. १८८० च्या दशकात अमेरिकेच्या टपाल खात्याने रजिस्टर्ड टपालाच्या थैल्यांसाठी येल कंपनीची एक कुलुपं वापरली. कुलुपाला छोटी खिडकी आणि आत आकड्यांच्या चकत्या. किल्ली फिरवली की आकडा एकाने पुढे सरकणार. गाडीच्या किलोमीटर मीटरसारखं. पाठवणारा कुलूप लावताना आकडा लिहून ठेवतो, घेणारा उघडण्याआधी आकडा बघतो. समजा लावताना ४१७ होता आणि पोचताना ४१८ आहे, तर मधे कुणीतरी उघडलं. मधल्या माणसाकडे खरी किल्ली असली तरी त्याला आकडा मागे नेता येत नाही. बाकीची कुलुपं किल्ली चोरीला जाणार नाही यावर विसंबतात. हे कुलूप किल्ली कुणाच्याही हातात जाऊ शकते हे धरूनच चालतं. किती वेगळा विचार आहे बघा.

अर्थात ते कुलूप जड आणि महाग. आजचा स्वस्त पर्याय म्हणजे नंबर छापलेलं प्लास्टिकचं एकदाच वापरायचं सील. शेपटी ओढली की आवळतं, काढायचं तर कापावंच लागतं. पण नंबरचा उपयोग केव्हा? तो थैलीपासून वेगळा, दुसऱ्या वाटेने पुढच्या ऑफिसात पोचला तर. नंबर लिहिलेली चिठ्ठी थैलीच्याच आत असेल, तर उघडणारा सील बदलेल आणि चिठ्ठीही. स्कॅन करून नंबर नेटवर पाठवता येतो, पण घाटात रेंजचं काय होतं ते धडगावला जाणाऱ्याला विचारा. म्हणून माझ्या रचनेत नंबराच्या तीन प्रती आहेत: एक पाठवणाऱ्याकडे, एक घेणाऱ्यासाठी आणि तिसरी, दोघांच्या सह्यांची, नेणाऱ्याच्या खिशात. "सील अमुक नंबर, शाबूत मिळालं" एवढंच. ही तिसरी प्रत मला कुठल्याही जुन्या रचनेत ठळकपणे दिसली नाही, आणि नानांना सगळ्यात जास्त हवी होती ती हीच.

आता थोडा हिशेब. सील "मजबूत" असावं म्हणतात, पण कशाच्या विरुद्ध मजबूत? समजा (आकडे कल्पित आहेत, फक्त उदाहरणासाठी) हजार थैल्या गेल्या आणि त्यातली एकच खरोखर कुणी उघडली. लाख ठिसूळ असते, फेकाफेकीत तडकते. शंभरात दोन ठसे असे आपोआप तुटत असतील, तर हजारात वीस. म्हणजे तुटलेली सीलं एकवीस आणि खरा गुन्हा एक. वीस नेणारे विनाकारण संशयात. किंवा त्याहून वाईट म्हणजे तपासणारा म्हणतो, "तुटतंच हो, चालायचंच," आणि एकविसावंही सोडून देतो. आता आपोआप तुटणं हजारात दोनवर आणा. तुटलेली तीन, त्यातलं एक खरं. चोराविरुद्ध सील अजिबात बळकट केलं नाही, तरी त्याची साक्ष सातपट वजनदार झाली. मी पहिलं वर्ष चोराशी लढण्यात घालवलं. लढायला हवं होतं घाटातल्या खड्ड्यांशी.

बळाचाही अंदाज घेऊ. आंतरराष्ट्रीय टपालात थैलीची मर्यादा ३० किलो. म्हणजे तोंडाला धरून उचलली तर सुमारे ३०० न्यूटन, झटका धरून हजारेक. मालवाहू कंटेनरच्या सीलांसाठी आयएसओ १७७१२ हे मानक आहे. त्यात सगळ्यात वरच्या वर्गाच्या सीलने १० किलोन्यूटन ओढ सोसावी लागते. थैलीला असलं सील लावणं म्हणजे झोपडीच्या ताटीला बँकेचं कुलूप. कापड त्याच्या कितीतरी आधी फाटेल. आपलं काम त्या मानकाच्या सगळ्यात खालच्या, फक्त दर्शक वर्गात भागतं.

मग अडचण उरते ती तोंडाच्या भूमितीची, आणि इथेच सगळ्यात जास्त मजा आहे. तोंडाचा घेर १२० सेंमी, कॅनव्हास ०.८ मिमी जाड धरा. चुरगाळून गोळा केला तर निव्वळ कापडाचा छेद ९.६ चौ. सेंमी. चुण्यांमध्ये निम्मी पोकळी धरली तर १९.२, म्हणजे साधारण ४.९ सेंमी व्यासाची मान आणि १५.५ सेंमी घेर. सुतळी यापेक्षा फक्त तीन सेंमी ढिली राहिली, तर व्यास ५.९ होतो आणि आठ चौ. सेंमी जागा मोकळी होते. गुंडाळलेलं पाकीट एक सेंमी व्यासात मावतं. गाठ, लाख, नंबर सगळं शाबूत आणि पाकीट बाहेर! शिवाय नुसती बाहेरून बांधलेली सुतळी मानेवरून सरकवता येते. म्हणून बंद कापडातून ओवलेला हवा.

म्हणजे लेंग्याची नाडीच की. मीही तेच केलं: तोंडाला नेफा, नेफ्यात बारीक स्टीलची तार, दोन्ही टोकं एकाच पितळी कडीतून बाहेर, तिथे नंबरचं सील. पण नाडी एका टोकाने ओढून बघा. ओढलेल्या बाजूला चुण्या पडतात आणि लांबची बाजू ढिलीच राहते. कारण घर्षण वळणाच्या कोनाबरोबर घातांकी वाढतं. घर्षणांक ०.३ धरला, तर पूर्ण फेऱ्याला ताण सुमारे ६.६ पटींनी उतरतो: या टोकाला १० किलो ओढ, त्या टोकाला दीड. दोन्ही टोकं एकत्र ओढली, तर सगळ्यात लांबचा बिंदू अर्ध्या फेऱ्यावर येतो आणि तिथे जवळजवळ चार किलो पोचतात. तोंड सगळीकडून नीट मिटतं. फरक एवढाच की दोन्ही टोकं एका कडीतून काढली. याला काय शोध म्हणायचं? पण प्रबंधातलं एक प्रकरण यावरच आहे.

वाचनातून एकच नाव सुचवते: रॉजर जॉन्स्टन. अमेरिकेतल्या लॉस अलामोस आणि नंतर आरगॉन प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने दोनशेहून अधिक प्रकारची सीलं तपासली. बहुतेक साध्या हत्यारांनी, काही मिनिटांत चकवता आली, महागडीसुद्धा. त्यांचा सांगावा असा की सील म्हणजे वस्तू आणि ती तपासण्याची रीत, दोन्ही मिळून. तपासणाऱ्याला चकवलेलं सील कसं दिसतं हे दाखवलंच नसेल, तर तो काय ओळखणार? त्यांची दुसरी कल्पना अजून रोचक आहे. नेहमीचं सील उघडल्याची खूण साठवतं, आणि चोर ती खूण पुसू शकतो. त्याऐवजी सीलमध्ये सुरुवातीलाच एक गुप्त आकडा ठेवायचा, जो उघडताच नष्ट होईल. पुसून टाकण्यासारखं काही उरतच नाही, आणि गेलेला आकडा परत आणणार कुठून? यात अजून करण्यासारखं बरंच काम आहे, विषय शोधत असाल तर बघा.

मागच्या महिन्यात नव्या बंदाची थैली नानांकडे नेली. त्यांनी तार ओढली, सील फिरवून बघितलं, उसवता येते का म्हणून शिवणीवरून नख फिरवलं. मान डोलावली. मग चष्मा वर करून सील डोळ्यांजवळ नेलं.

"ताई, नंबर केवढा बारीक आहे! पहाटे पाचची गाडी असते. लाइट नसतो. मी वाचू कसा?"

सध्या आकडे आठ मिलिमीटरचे आणि उठावाचे करतेय, अंधारात बोटाने चाचपून कळतील असे. ३ आणि ८ अजून एकसारखेच लागतात.