स्वमग्न मुलांशी बोलताना – लेखांक ६ : हेन्रीच्या आवाजात

स्कॉटलंडमधल्या गार्डनर कुटुंबातला डेल लहान असतानाची, १९९०च्या दशकातली ही गोष्ट. आई-वडिलांनी सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. मनाविरुद्ध काही घडलं की आक्रोश सुरू होई आणि तो कसा थांबवायचा हे घरात कुणालाच उमगत नसे. अशा घरात गोल्डन रिट्रिव्हर जातीचं एक पिल्लू आलं. डेलचा सगळा जीव ‘थॉमस’ नावाच्या आगगाडीच्या इंजिनाच्या गोष्टींत. त्यातल्याच एका इंजिनावरून पिल्लाचं नाव पडलं हेन्री.

एकदा डेल असाच बिथरलेला असताना त्याच्या वडिलांनी आवाज बदलला आणि ते हेन्रीच्या वतीने बोलू लागले. डेल शांत झाला. त्याने उत्तरही दिलं, पण वडिलांना नव्हे, हेन्रीला.

मग दात घासणं, आंघोळ, जेवण अशा रोजच्या खटक्यांच्या वेळी हेन्रीच ‘बोलू’ लागला. आई नूला गार्डनर यांनी हा सारा प्रवास २००७ साली ‘अ फ्रेंड लाइक हेन्री’ या पुस्तकात सांगितला. हेन्री प्रशिक्षित साहाय्यक श्वान नव्हता, घरचा साधा पाळीव कुत्रा होता. पण कुत्र्यामुळे स्वमग्न मुलाच्या संवादात नेमकं काय बदलतं, हे त्याच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं.

माणूस बोलतो तेव्हा शब्दांबरोबर स्वर, नजर, भुवया, हातवारे असं बरंच काही एकदम अंगावर येतं. त्यात उत्तराची अपेक्षाही असते. अनेक स्वमग्न मुलांना हे सगळं एकाच वेळी उलगडणं जड जातं. कुत्र्याचं तसं नसतं. तो खूश असला की शेपटी हलते, दमला की तो आडवा होतो. ‘बस’ म्हटलं की तो बसतो. उद्या म्हटलं तरी बसतो. आपण उच्चारलेल्या एका शब्दाने समोर काहीतरी घडतं, हा अनुभव ज्या मुलाला क्वचितच मिळालेला असतो, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

खास स्वमग्न मुलांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या सुरुवातीच्या संस्थांपैकी एक म्हणजे १९९६ साली सुरू झालेली कॅनडाची ‘नॅशनल सर्व्हिस डॉग्ज’. लॅब्राडोर किंवा गोल्डन रिट्रिव्हरची शांत स्वभावाची पिल्लं निवडतात. आधी ती वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ स्वयंसेवकांच्या घरी वाढतात. बाजार, बस, शाळा, गर्दी यांना सरावतात. त्यानंतर काही महिन्यांचं विशेष प्रशिक्षण होतं.

बाहेर पडताना कुत्रा, मूल आणि पालक असं त्रिकूट असतं. कुत्र्याच्या जाकिटाला दोन पट्टे: एक पालकाच्या हातात, दुसरा मुलाच्या कमरपट्ट्याला. आज्ञा पालकाच्या. मूल अचानक रस्त्याकडे धावलं, की कुत्रा पाय रोवून थांबतो. मूल बिथरलं, तर काही कुत्रे त्याच्या मांडीवर डोकं किंवा अंगाचा भार टाकून बसतात. त्या दाबाने अनेक मुलं निवतात.

या सुरक्षिततेचा संवादाशी जवळचा संबंध आहे. मूल हरवेल या भीतीने घरात कोंडून घेतलेली कुटुंबं पुन्हा दुकानात, बागेत जाऊ लागतात. तिथे लोक थांबतात आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, “याचं नाव काय?” प्रश्न ठरलेला, उत्तर एका शब्दाचं आणि तेही लाडक्या विषयावरचं. अनोळखी माणसाशी बोलण्याचा इतका सोपा सराव कुठल्या वर्गात मिळणार?

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ४२ स्वमग्न मुलांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सकाळी उठल्यावर शरीरात कॉर्टिसोल हे तणावाशी निगडित संप्रेरक वाढतं. या मुलांमध्ये ती वाढ सरासरी ५८ टक्के होती. घरात कुत्रा आल्यावर ती १० टक्क्यांवर आली. कुत्रा काही दिवस दूर नेल्यावर पुन्हा ४८ टक्क्यांवर गेली. ऑस्ट्रेलियातल्या शाळांमध्ये मार्गरिट ओहेअर यांनी केलेला अभ्यास गिनीपिगवरचा आहे. खेळण्यांच्या तुलनेत हा प्राणी समोर असताना स्वमग्न मुलं अधिक बोलली, माणसांच्या चेहऱ्याकडे अधिक पाहू लागली, अधिक हसली.

म्हणून कुत्रा हा इलाज ठरत नाही. काही मुलांना भुंकणं अजिबात सहन होत नाही, काहींना केसाळ स्पर्श. कुत्र्यालाही विश्रांती लागते, जाकीट काढून मनसोक्त धावायला लागतं. वाचा उपचार चालूच ठेवावे लागतात. त्या तासाला कुत्रा सोबत असला, तर मुलाकडे बोलायला एक कारण असतं इतकंच.

आपल्याकडे मुंबईत मीनल कविश्वर यांच्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ने प्रशिक्षित कुत्र्यांच्या मदतीने विशेष मुलांसोबत काम केलं आहे. हे उपचार-श्वान. ते ठरलेल्या वेळी प्रशिक्षकासोबत येतात, मुलाच्या घरी कायमचे राहत नाहीत.

हा लेख वाचून पिल्लू आणावंसं वाटलेल्या पालकांना एक कळकळीची विनंती. घाई करू नका. ओळखीच्या घरातल्या एखाद्या शांत, मोठ्या कुत्र्यापाशी मुलाला चार-सहा वेळा न्या. लांब बसा, आग्रह करू नका, मूल काय करतं ते नुसतं पाहा. वाचा उपचारतज्ज्ञांशी बोला. आणि कुत्र्याची पुढची दहा-बारा वर्षं निभावण्याची तयारी घरातल्या प्रत्येकाची असेल, तरच त्याला घरी आणा.