आधी महत्त्वाचं बोला, बॉस!

ऑफिसात मी बडबड्या म्हणून फेमस. त्यामुळे गेल्या वर्षी कॅन्टीनचं जेवण बाधून आमचे बारा जण हॉस्पिटलात गेले आणि गेटवर टीव्हीवाले येऊन थडकले, तेव्हा साहेब म्हणाले, ‘तूच जा रे.’ मीही शर्ट नीट खोचून ऐटीत गेलो. त्यात काय, बोलायचंच तर आहे!

रिपोर्टरनं विचारलं, ‘ही विषबाधाच ना?’ मी म्हणालो, ‘नाही, नाही, विषबाधा वगैरे काही नाही...’ खरं तर तपासणीचा रिपोर्टही आला नव्हता. पुढे कंपनीची परंपरा, स्वच्छतेची सर्टिफिकेटं असं सगळं पाच मिनिटं ऐकवलं. सगळे धोक्याबाहेर आहेत, हे अगदी शेवटी.

संध्याकाळच्या बातम्यांत माझे आठ सेकंद दाखवले. त्यात ‘विषबाधा’ होतं, ‘धोक्याबाहेर’ नव्हतं! रात्री एका ट्रेनी मुलाच्या आईचा साताऱ्याहून फोन आला. ‘माझा पोरगा बरा आहे ना हो?’ त्यांचा आवाज थरथरत होता. मी दुपारी नक्की कुणाशी बोलायला हवं होतं, ते तेव्हा कळलं.

अशी फसगत मोठमोठ्यांचीही झालीय. १९७३ मध्ये वॉटरगेट प्रकरणात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी आपण लबाड नसल्याचं ठासून सांगितलं. ‘नाही’ विरून गेलं, ‘लबाड’ तेवढं चिकटलं.

मग एका मैत्रिणीनं मला टोस्टमास्टर्स क्लबात ओढून नेलं. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात पहिला क्लब सुरू केला, आता तो जगभर पसरलाय. तिथे ‘टेबल टॉपिक्स’ असतात. ऐनवेळी विषय मिळतो, एक ते दोन मिनिटं बोलायचं. हिरवा, पिवळा आणि लाल दिवा! तुमचे ‘अं...’ आणि ‘म्हणजे...’ मोजायला एक जण खास बसलेला. पहिल्या दिवशी माझे निघाले सतरा!

तुमच्यावर अशी वेळ आली तर?

* घरी काळजीत बसलेल्या माणसाला आधी काय ऐकायचंय? तेच तुमचं पहिलं वाक्य.
* प्रश्नातला झोंबणारा शब्द उचलू नका. पण खरं लपवूही नका, स्वतःच्या शब्दांत सांगा.
* ठाऊक नसेल तर तसं म्हणा, कधी कळवणार ते सांगा आणि खरंच कळवा.
* मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करून ऐका. लाज वाटेल, पण सुधारणा तिथूनच होते.

आता बोलायला उभा राहिलो, की मला समोर साताऱ्याच्या त्या काकू दिसतात. आधी त्यांना उत्तर. कंपनीची परंपरा काय, नंतरही सांगता येते!