अनुदानाआधी लघवीची तपासणी?

सरकारचे पैसे घ्यायचे आणि गुत्त्यावर नेऊन घालायचे, अशा लोकांची आधी नशेची तपासणी करा, मगच पैसे द्या. हे मत सातारा-सांगलीच्या पारावर, एसटीत, सेतू केंद्राच्या रांगेत सहज ऐकू येतं. महाराष्ट्रात कुठल्याही अनुदानाला आज अशी अट नाही. पण मागणी रागातून आलेली असली तरी तिचा विचार नीट व्हायला हवा. अशी तपासणी आपल्या दोन जिल्ह्यांत करायची ठरली तर ती कोणाची, कुठे आणि कशी होईल, ते क्रमाने पाहू.

आधी आज काय तपासलं जातं ते बघू. 1980 साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना घ्या. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ, कर्करोग-क्षयरोगासारख्या दुर्धर आजारांचे रुग्ण अशांसाठी ती आहे. दिव्यांग सोडून बाकीच्यांना महिन्याला 1500 रुपये मिळतात. त्यासाठी सर्वसाधारणपणे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असावं लागतं, म्हणजे अख्ख्या घराला महिन्याला पावणेदोन हजार. वयाचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आजार असेल तर सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र. तलाठी चौकशी करतो, अर्ज तालुका समितीपुढे जातो आणि मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे माणसाने वर्षातून एकदा सरकारला पटवून द्यायचं.

लाडकी बहीण योजना जून 2024 मध्ये जाहीर झाली. 21 ते 65 वय, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. पैसे थेट बाईच्या बँक खात्यात. पुढे पडताळणी सुरू झाली, कोणाच्या दारात गाडी आहे हे पाहायला अंगणवाडी सेविका पाठवल्या गेल्या आणि सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं. ज्यांना नवरा नाही आणि वडीलही नाहीत, अशा बायकांची त्यात किती ओढाताण झाली हे गावोगावी दिसलं.

तर मग तपासणी कोणाची करायची? अनुदानाचे पैसे येतात ते विधवेच्या, परित्यक्तेच्या, म्हाताऱ्या आजीच्या, लाडक्या बहिणीच्या खात्यात. माण-खटावात किंवा जत-आटपाडीत दारूने मोडलेलं घर पाहिलं तर पिणारा बहुतेक वेळा नवरा किंवा मुलगा असतो. तपासणी झाली तर बाटलीत लघवी द्यावी लागेल बाईला, आणि अहवाल स्वच्छ येईल. पिणाऱ्याच्या अंगाला कोणी हातही लावणार नाही. उद्या नवऱ्याचीही तपासणी करू म्हणाल, तर त्याच्या व्यसनापायी तिचे 1500 रुपये बंद होतील. माझा या कल्पनेला विरोध इथूनच सुरू होतो.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येऊ. स्वस्त पद्धत म्हणजे लघवीत बुडवायची पट्टी. गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, अॅम्फेटामिन अशा ठरावीक गटांचे अंश तिच्यावर कळतात. नेहमी गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडे सापडू शकतो. मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सगळे एमडी म्हणतात, ते मात्र दोन-चार दिवसांत निघून जातं आणि अॅम्फेटामिनच्या साध्या पट्टीवर अनेकदा दिसतच नाही. आता सांगलीकडे बघा. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये आणि मार्च 2024 मध्ये मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत जे घबाड पकडलं, ते एमडीचं होतं. इरळीतच शंभर किलोहून जास्त. म्हणजे ज्या पदार्थामुळे जिल्हा बातम्यांत आला, नेमका तोच या पट्टीतून निसटू शकतो. दारू तर काही तासांतच रक्तातून जाते. सोमवारी तपासणी आहे हे कळलं की शनिवारपासून न पिणारा माणूस सुटला.

उलट चूकही होते. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, आणि खसखस खाल्ल्यावरही अफूचा अंश लघवीत उतरू शकतो. म्हणून पट्टीवरच्या निकालावर थांबता येत नाही, प्रयोगशाळेत यंत्रावर खात्री करावी लागते. ती कुठे करणार? जत तालुक्याच्या पूर्वेला उमदीकडच्या बाईला मिरजेचं शासकीय रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब पडतं. एक दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचा खर्च वेगळा, आणि नमुना बदलला नाही याची खातरजमा म्हणून बाथरूमच्या दाराशी कोणीतरी उभं राहणार. विधवेला हे सोसायला लावणं मला अमानुष वाटतं.

शरीराची सक्तीने तपासणी करायचा अनुभव महाराष्ट्राला आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्यासाठी आजही परवाना लागतो. पिऊन असल्याचा संशय आला तर पोलीस माणसाला डॉक्टरांकडे नेऊ शकतात, रक्त घेता येतं, आणि त्यात दारूचं प्रमाण 0.05 टक्क्यांहून कमी नसेल तर आपण गुन्हा केला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. पण तिथेही नमुना नोंदणीकृत डॉक्टरनेच घ्यायचा, बाटली सीलबंद करायची, ठरलेल्या फॉर्मसह सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची, असे नियम आहेत. त्यात कसर राहिली की न्यायालयात खटला डळमळतो. एका आरोपीसाठी एवढी काळजी लागते, आणि अनुदानाच्या याद्यांत माणसं लाखांनी असतात.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 27 खाली नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. कोकेन, हेरॉईनसाठी एक वर्षापर्यंत, बाकीच्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अनुदानाच्या अटीखातर दिलेली लघवी गुन्ह्याकडे बोट दाखवणारी ठरली, तर तो अहवाल तहसील कार्यालयातून पोलीस ठाण्यात जाणार नाही याची हमी कोण देणार?

अमेरिकेत हे करून झालं आहे. तिथल्या 1996 च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना अशी तपासणी करायची मुभा दिली. फ्लोरिडाने 2011 च्या जुलैपासून गरीब कुटुंबांच्या रोख मदतीसाठी प्रत्येक अर्जदाराची तपासणी सुरू केली. आधी खर्च अर्जदाराने करायचा, निकाल स्वच्छ आला तर राज्याने तो परत द्यायचा. चारेक महिन्यांत 4086 जणांची तपासणी झाली, 108 जण अडकले, म्हणजे 2.6 टक्के. बाकीच्यांना राज्याने सुमारे 1 लाख 18 हजार डॉलर परत केले. ऑक्टोबर 2011 मध्ये न्यायालयाने स्थगिती दिली आणि 2014 मध्ये अपिलीय न्यायालयानेही कायदा घटनाबाह्य ठरवला. गरीब आहे एवढ्यावरून माणसावर संशय घेता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

आपल्याकडे ही अट आली तर तिची कसोटी ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालावर लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि हेतूच्या मानाने उपाय बेताचा हवा. 2018 मध्ये याच न्यायालयाने अनुदानासाठी आधारची सक्ती मान्य केली, म्हणून न्यायालय अटी सरसकट उडवून लावतं असं नाही. पण अंगठ्याचा ठसा आणि लघवीचा नमुना यांत फरक आहे. ठसा माणूस कोण आहे एवढंच सांगतो. नमुना त्याचे आजार आणि औषधंसुद्धा सांगतो.

व्यसनाचा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठीचे रस्ते कायद्यातच आहेत. त्याच 1985 च्या कायद्यातलं कलम 64अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वखुशीने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. अट एकच, उपचार पुरे करायचे. हे कलम उभं आहे ते स्वखुशीवर. पैसे तोडायची धमकी देऊन आणलेला माणूस व्यसन लपवायला शिकतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करते, आणि तिच्यासारख्या केंद्रांत खाटा आणि समुपदेशक वाढवणं हा तपासणीच्या खर्चाचा कितीतरी चांगला उपयोग होईल.

दुसरा रस्ता बायकांच्या हातात आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सह्यांनिशी मागणी केली, की दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली असते. इथे झालेल्या मतदानातली निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या सगळ्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली, तरच दुकान बंद होतं. कामाला बाहेरगावी गेलेली बाई, आजारी बाई, नवऱ्याने घरात अडवलेली बाई, या सगळ्या मतदानाला न येऊनही दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. सरकारला एखादी अट तपासून बदलायचीच असेल, तर आधी ही बदलावी.