ईसीजी नॉर्मल, तरी जीव घाबरतो

ईसीजी नॉर्मल येतो. तरी छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आत्ता प्राण जाणार असं वाटतं. पहिल्यांदा हृदय तपासून घ्यायलाच हवं. पण पुढे "काही नाही, टेन्शन घेऊ नका" एवढ्यावर माणूस घरी येतो. त्या मुंग्या मात्र अगदी खऱ्या! घाबरल्यावर श्वास भराभर चालतो, कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्ताची आम्लता घटते, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, नसा उगाच चेतवल्या जातात आणि बोटं झिणझिणतात. नुसत्या श्वासाच्या वेगानं काही मिनिटांत रक्ताचं रसायन बदलतं, हे मला दरवेळी थक्क करतं.

त्याहून विलक्षण म्हणजे अचानक घाबरण्याचा हा आजार स्वतःच्याच उपचाराच्या आड येतो. जामखेडहून नगरला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं तर एसटीनं सत्तरेक किलोमीटर. स्टँडवर पोटात गोळा येतो, माणूस माघारी फिरतो आणि फिरताक्षणी हायसं वाटतं. तिथंच घात होतो. गेलो नाही म्हणून वाचलो, असं मेंदू शिकतो. पुढच्या खेपेला उंबराही ओलांडवत नाही. गोळ्यांचंही तेच. या आजारावर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात, मळमळ आणि अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकते. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर गोळी चौथ्या दिवशी बंद पडते. 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत चिंता, नैराश्य अशा आजारांच्या 100 पैकी सुमारे 85 रुग्णांना उपचारच मिळत नव्हते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये याच जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. मला त्यांचं मोल इथं फार वाटतं. या आजारावर औषधाइतकाच परिणामकारक उपाय म्हणजे भीतीला थोडं थोडं सामोरं जाणं: आज स्टँडपर्यंत, मग उभ्या गाडीत बसायचं, भीती ओसरेपर्यंत उठायचं नाही. ओळखीची ताई शेजारी बसली तर ते जमण्यासारखं आहे.

आणि उंबराही ओलांडवत नसेल त्याच्यासाठी फोन आहे: टेलिमानस, 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतून बोलता येतं.