थांबलेल्या तासाचा भाव

रात्री साडेआठला मुंबईतल्या गोवंडी स्टेशनवरून चेंबूरच्या दिशेने निघालं की हॉटेलांबाहेर लाल आणि केशरी टी-शर्टातली डिलिव्हरीची पोरं बाइकवर बसलेली दिसतात. मोबाइल हँडलला अडकवलेला, पॉवर बँकेची वायर खिशात गेलेली, पाठीवरची मोठी बॅग उतरवून टाकीवर ठेवलेली. आतून ऑर्डरचा नंबर पुकारला जाईपर्यंत बसून राहायचं. शनिवार-रविवारी हे थांबणं अर्ध्या तासाकडे जातं. शिवाजीनगर, बैंगनवाडी, लोटस कॉलनी इथली कितीतरी पोरं या कामात आहेत. पार्सल देवनार, चेंबूर, घाटकोपरच्या सोसायट्यांत पोचवायचं, वॉचमनच्या वहीत नाव लिहायचं, लिफ्ट नसेल तर जिने चढायचे आणि रिकाम्या बॅगेने परत फिरायचं. ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे सगळा प्रवास खालच्या गर्दीतून.

या सगळ्या वेळातले पैसे मुख्यतः ऑर्डरमागे मिळतात. ऑर्डर पडली तर कमाई. नाही पडली तर तो तास कुणाच्याच हिशेबात नाही. या पोरांच्या किमान वेतनाचा सगळा वाद माझ्या मते या एका तासाभोवती आहे.

आपल्याकडे किमान वेतनाचा पहिला कायदा १९४८ सालचा. नगावर काम करणाऱ्यांचा विचार त्यात तेव्हाच झाला होता: नगाचा किमान दर ठरवता येत होता, आणि काम कमी मिळालं तरी वेळेच्या हिशेबाने ठरावीक रकमेखाली मजुरी जाऊ नये, अशीही सोय होती. सोलापूर किंवा सिन्नरची विडी कामगार बाई घरी बसून विड्या वळते, तिलाही हजार विड्यांमागे सरकारने ठरवलेला किमान दर लागू आहे. म्हणजे ‘तासांवर काम नाही, मग किमान वेतन कसं ठरवणार?’ हा प्रश्न नवा नाही. उत्तर पंचाहत्तर वर्षांपूर्वीच दिलेलं आहे.

रायडर मात्र त्या उत्तराच्या बाहेर राहिला, कारण कागदावर तो कामगार नाही, ‘पार्टनर’ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ हा शब्द पहिल्यांदा केंद्राच्या कायद्यात आला. पण त्याची व्याख्याच मुळी मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेरचं काम करणारा अशी आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची, तीही रायडरना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांपर्यंतच. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेले कायदेही नोंदणी आणि कल्याण निधीभोवती आहेत. अपघात झाला, आजारपण आलं, तर हा पैसा उपयोगी पडेल आणि तो हवाच. पण आजच्या रात्रीच्या मजुरीला त्याने एक रुपयाही जोडला जात नाही.

मजुरी किती आहे? झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केलेला आकडा असा: २०२५ मध्ये टिप सोडून तासाला सरासरी १०२ रुपये. दिवसाला दहा तास, महिन्याला सव्वीस दिवस धरले तर साधारण साडेसव्वीस हजार. त्यातून पेट्रोल आणि गाडीच्या देखभालीचे वीस टक्के वजा जाता एकवीस हजार. आकडा कंपनीचाच आहे आणि मी तो खरा धरून चालतो. पण सरासरीवर घर चालत नाही. समजा, ऑर्डरमागे पस्तीस रुपये मिळतात. रात्री नऊच्या गर्दीत तीन ऑर्डर मारल्या तर १०५ रुपये. दुपारी चार वाजता तासाभरात एकच पडली तर पस्तीस, आणि बाइकचा हप्ता मात्र दोन्ही तास सारखेच मोजतो. सरासरीने हा दुपारचा तास झाकला जातो. किमान वेतनाने तो उघडा पडतो.

न्यूयॉर्क शहराने नेमका हाच तास धरला. रेस्टॉरंटचं जेवण पोचवणाऱ्यांना ॲपवर थांबून राहिलेल्या वेळेसकट किमान दर द्यायचा, असा नियम डिसेंबर २०२३ मध्ये तासाला १७.९६ डॉलरने सुरू झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये तो २१.४४ डॉलर झाला. कमाई वाढली. कंपन्यांनी मग टिपचा रकाना ऑर्डर देऊन झाल्यानंतरच्या पानावर ढकलला, ग्राहकाकडून जादा शुल्क घेतलं आणि एका वेळी किती जणांनी लॉग इन करायचं यावर बंधनं आणली. सिएटलमध्ये जानेवारी २०२४ पासून किमान दर आले. तिथे थांबण्याची वेळ धरलेली नव्हती. कंपन्यांनी ग्राहकाकडून ऑर्डरमागे सुमारे पाच डॉलर जादा घेतले, ऑर्डर घटल्या, टिप घटली आणि पुढच्या कामासाठीचं थांबणं लांबलं. अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा प्रत्येक ऑर्डरचा दर वाढूनही महिन्याची एकूण कमाई जवळपास तिथेच राहिलेली दिसली. म्हणून नुसता ऑर्डरचा दर वाढवून भागत नाही.

ग्राहकाचंही म्हणणं ऐकायला हवं. गोवंडीत दीडशे रुपयांची बिर्याणी मागवणाऱ्या घराला वरचे वीस रुपये जड जातात, आणि ऑर्डर कमी झाली की छोट्या हॉटेलवाल्याचा धंदा आधी बसतो. पण ग्राहक आजही जास्त देतोच आहे. झोमॅटोने ऑगस्ट २०२३ मध्ये दोन रुपयांपासून प्लॅटफॉर्म फी सुरू केली. सप्टेंबर २०२५ मध्ये ती बारा रुपये झाली. ती फी कंपनीकडे जाते. तासाला १०२ रुपये या भावाने बारा रुपयांत सात मिनिटांचं थांबणं भरून निघतं.

आता उरला ‘मालक कोण’ हा प्रश्न. एकच पोरगा संध्याकाळी एका ॲपवर, रात्री दुसऱ्यावर. त्याची जबाबदारी कुणाची? महाराष्ट्राने हा प्रश्न १९६९ साली सोडवला आहे. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून माथाडी कायदा आला. माथाडीही दिवसभरात अनेक दुकानदारांची पोती उचलायचा. त्यालाही एक मालक नव्हता. कायद्याने मंडळं नेमली. त्यांत सरकार, मालक आणि कामगार तिघेही बसतात. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. मंडळ मजुरी देणार, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, पगारी रजा सांभाळणार. १९८१ मध्ये याच धर्तीवर खासगी सुरक्षा रक्षकांचं मंडळ झालं. मंडळांत दोष शिरले, तक्रारी झाल्या, हे खरं आहे. तरीही पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला म्हातारपणी हातात काही मिळतं, ते या कायद्यामुळे.

पाठीवर बॅग असलेल्या पोरांसाठी राज्य सरकारने असंच मंडळ करावं. लॉग इन केल्यापासून लॉग आउटपर्यंतचा प्रत्येक मिनिट कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेलं असतं, ते मंडळाला दिसावं, आणि तासाचा किमान दर त्यावरून निघावा. यातलं एक काम तर आजच होण्यासारखं आहे. आपल्या बिलावर जेवण, पॅकिंग, जीएसटी, प्लॅटफॉर्म फी अशा ओळी असतात. त्यांच्याखाली आणखी एक ओळ छापायला लावा: या ऑर्डरसाठी रायडरला किती मिळाले.